हीटर खिडकीजवळ, पण पडद्याचं काय?

पुण्या-नाशिकहून नोकरीसाठी मानेसरला आलेल्या कुटुंबाला खरा धक्का देतो तो जानेवारी. रात्री पारा 4-5 अंशांपर्यंत उतरतो आणि स्वेटर-शालीवर भागत नाही. मग घरात ऑइल हीटर येतो. तो ठेवायचा कुठे?

युरोपात गरम पाण्याचे रेडिएटर बहुधा खिडकीखालीच बसवतात. खोलीत सगळ्यात थंड असते ती काच. तिला लागलेली हवा गार होऊन खाली येते आणि रेडिएटरची वर चढणारी ऊब तिला तिथेच अडवते. मात्र वरून जमिनीपर्यंतचा पडदा ओढला, की ती ऊब पडदा आणि काच यांच्यामध्येच अडकून पडते. अशा खिडकीला कट्ट्यापर्यंतचाच पडदा बरा.

आपला हीटर विजेवरचा. त्यावर पडदा पडला तर नुसती ऊब वाया जात नाही, आग लागण्याची भीती असते. म्हणून खिडकीकडे ठेवायचाच असेल, तर पडदा आखूड आणि जाड अस्तराचा घ्या, शिवाय दोघांत निदान तीन फूट अंतर ठेवा. लांब पडद्यांची हौस असेल, तर हीटर सरळ दुसऱ्या भिंतीकडे हलवा.

प्लग 16 अँपिअरच्या सॉकेटमध्येच लावा, एक्स्टेंशन बोर्ड नको. 2000 वॉटचा हीटर पूर्ण जोरात चालला तर तासाला 2 युनिट खातो! त्यावर ओले मोजे वाळत घालू नका (मोह होतोच). दिवसा पडदे उघडून ऊन आत घ्या, सूर्य मावळताच ओढून घ्या.