घरगुती सीएनसी यंत्रासाठी दातेरी पट्ट्याचे संकल्पन

उद्दिष्ट : या पाठानंतर विद्यार्थ्याला पट्ट्याचा ताण, रुंदी आणि त्यामुळे येणारी चूक मोजता येईल.

१. प्रश्नाची मांडणी

तंजावरची वीणा फणसाच्या लाकडापासून घडवतात. ती सुमारे चार फूट लांब असते. भोपळा, दांडी आणि याळीचे तोंड हे तिचे मुख्य भाग. एखाद्या विद्यार्थ्याने दांडीवरचे नक्षीकाम कोरण्यासाठी १२०० मिमी लांब अक्षाचे यंत्र बांधायचे ठरवले, असे समजू. आधी ठरवायचे ते हे, की अचूकता किती हवी. वीणेचे २४ पडदे मेणाच्या थरावर कानाने सूर जुळवून बसवतात, म्हणून त्यांची जागा यंत्रावर अवलंबून नसते. दांडी आणि भोपळ्याचा सांधा मात्र नीट बसायला हवा. त्यासाठी ०.१ मिमी मर्यादा धरू.

२. पायरी किती लहान?

२ मिमी अंतरावर दाते असलेला पट्टा आणि २० दातांची पुली घेतली, तर एका फेरीत सरक = २ × २० = ४० मिमी. स्टेपर मोटरीच्या एका फेरीत २०० पायऱ्या असतात. प्रत्येक पायरीचे १६ भाग केले, तर ३२०० सूक्ष्म पायऱ्या मिळतात.

३२०० ÷ ४० = प्रति मिमी ८० पायऱ्या; म्हणजे एक पायरी ०.०१२५ मिमी.

अनेक जण येथेच थांबतात. पण पायरी लहान आहे म्हणून अचूकताही तेवढीच मिळते असे नाही. मोटर वळते, पण पट्टा ताणला जातो.

३. बळ पुरते का?

मोटरीचा धारण-आघूर्ण ०.४ न्यूटन-मीटर आणि पुलीची त्रिज्या ६.३७ मिमी. बल = ०.४ ÷ ०.००६३७ ≈ ६३ न्यूटन. वेगात ते घटते, म्हणून निम्मे, म्हणजे ३१ न्यूटन धरू. कापण्याचे बल २० न्यूटन मानले, तर मोटर पुरते.

४. खरी अडचण : ताठरता

मोटर एका टोकाला, मोकळी पुली दुसऱ्या टोकाला आणि पट्ट्याची दोन्ही टोके सरकत्या गाडीला बांधलेली, अशी रचना घ्या. पट्ट्याच्या दोन बाजू दोन स्प्रिंगांसारख्या वागतात. ६ मिमी पट्ट्याचा ताठरता-गुणांक उदाहरणापुरता १५,००० न्यूटन धरू (खरा आकडा उत्पादकाच्या तक्त्यातून घ्यावा).

ताठरता = १५,००० × (१/पहिली बाजू + १/दुसरी बाजू)

गाडी मोटरीजवळ (२०० आणि २२०० मिमी) : सुमारे ८२ न्यूटन प्रति मिमी, चूक ०.२४ मिमी.
गाडी दूरच्या टोकाला (१२०० आणि १२०० मिमी) : २५ न्यूटन प्रति मिमी, चूक ०.८ मिमी.

एकाच यंत्रात चूक जागेनुसार तिपटीहून अधिक बदलते. म्हणूनच पायऱ्यांचे गणित दुरुस्त करून ती जात नाही.

५. उपाय

(अ) रुंदी वाढवा. १५ मिमी पट्ट्याची ताठरता अडीचपट, म्हणून दूरच्या टोकाची चूक ०.३२ मिमी.

(आ) शेवटचा हात हलका घ्या. बल ५ न्यूटनवर आणले, तर हीच चूक ०.०८ मिमी होते. मर्यादा पाळली जाते. खडबडीत कोरणी जोराने, अखेरची हळुवार, हा कारागिराचा क्रम यंत्रालाही लागू पडतो.

(इ) पूर्वताण किमान कापण्याच्या बलाइतका ठेवा, नाहीतर सैल बाजू लोंबते आणि दात घसरू शकतात. काम करताना घट्ट बाजूवर त्याहून जास्त ताण येतो; तोही तक्त्यातील मर्यादेत बसला पाहिजे. ६ मिमी पट्टा इथेही कमी पडू शकतो.

(ई) अक्ष याहून लांब असेल, तर एक पट्टा तुळईवर चिकटवून दुसऱ्याचे दाते त्यात अडकवतात. मोकळी लांबी थोडीच उरते, त्यामुळे ताठरता अक्षाच्या लांबीवर अवलंबून राहत नाही.

स्वाध्याय : १० मिमी रुंद पट्टा (गुणांक २५,०००), ९०० मिमी अक्ष, गाडी दूरच्या टोकाला, बल १२ न्यूटन. चूक किती? (उत्तर : सुमारे ०.२२ मिमी.) ती ०.१ मिमीच्या आत आणण्यासाठी बल किती ठेवावे लागेल?