विश्लेषण : पुणे-महाड-महाबळेश्वर-वाई-पुणे… ३०० किलोमीटरची घाटातली सायकल फेरी आखायची कशी?

अंतर ५८ किलोमीटर, सपाटीवरचा वेग ताशी २० किलोमीटर, म्हणजे तीन तासांचे काम. पहिल्यांदा महाडहून महाबळेश्वरला सायकलने निघताना मी आणि माझ्या मित्राने एवढेच गणित केले होते. नाश्ता करून सकाळी दहाला निघालो. दुपारी दोनला आंबेनळी घाटात दोघांच्या बाटल्या कोरड्या होत्या, मित्राच्या पायात गोळे आले होते आणि उरलेला घाट आम्ही एका पिकअपच्या हौद्यात बसून पाहिला. अंतर मोजले होते, उंची मोजायची राहून गेली होती. घाटातली फेरी आखताना बहुतेकांची चूक इथेच होते.

फेरी कोणती?

पुण्यातून निघून कोकणात उतरायचे, पुन्हा सह्याद्री चढायचा आणि कृष्णाकाठाने परतायचे, अशी ही तीन दिवसांची फेरी आहे. आकडे अंदाजे आहेत.

पहिला दिवस : पुणे - जुना कात्रज घाट - भोर - वरंध घाट - महाड (१२५ किमी)
दुसरा दिवस : महाड - पोलादपूर - आंबेनळी घाट - महाबळेश्वर (५८ किमी)
तिसरा दिवस : महाबळेश्वर - पाचगणी - पसरणी घाट - वाई - पुणे (१२० किमी)

दिशा उलटी केली तर?

फेरी जिथून सुरू होते तिथेच संपते, त्यामुळे जेवढा चढ तेवढाच उतार. दिशा बदलून एकूण चढ एक मीटरनेही कमी होत नाही. बदलते ते एवढेच, की कोणता चढ कोणत्या दिवशी, किती वाजता आणि किती थकल्यावर समोर येतो.

उलट दिशेने गेल्यास पहिल्याच दिवशी ८५ किलोमीटर झाल्यावर पसरणी घाट चढावा लागतो आणि शेवटच्या दिवशी कोकणातून वरंध घाट चढून पुढे पुणे गाठावे लागते. वर दिलेल्या दिशेत सर्वांत मोठा चढ सर्वांत कमी अंतराच्या दिवशी, ताज्या पायांनी होतो. शिवाय आंबेनळी घाट सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर आहे. पहाटे साडेपाचला महाड सोडले तर चढाचा बराच भाग डोंगराच्या सावलीत कापता येतो. दहाला निघालेल्याला ती सावली मिळत नाही.

वेळेचा हिशेब कसा करायचा?

पोलादपूर जवळपास समुद्रसपाटीला, तर महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर. म्हणजे साधारण ४० किलोमीटरमध्ये १,३०० मीटर चढ. स्वार, सायकल आणि सामान मिळून ८५ किलो धरा. वजन, गुरुत्वाकर्षण आणि उंची यांचा गुणाकार केला की सुमारे ११ लाख ज्यूल होतात. नियमित सायकल चालवणारा हौशी स्वार तासन्‌तास साधारण १२० ते १५० वॅट देऊ शकतो. नुसत्या उंचीसाठीच दोन ते अडीच तास लागतात. टायरचे घर्षण, हवा आणि थांबे धरले तर साडेतीन-चार तास. महाड ते पोलादपूर हा तासाभराचा रस्ता वेगळा.

सोपा ठोकताळा असा : चढाला ताशी ४०० ते ५०० मीटर उंची धरा, किलोमीटर विसरा.

खाण्याचा हिशेबही यातूनच निघतो. शरीराची कार्यक्षमता जेमतेम २० ते २५ टक्के असल्याने केलेले काम जितके किलोज्यूल, साधारण तितक्याच किलोकॅलरी खर्च होतात. या एका चढाला किमान ११०० किलोकॅलरी. एका वडापावावर हा घाट निघत नाही.

गिअर कोणते हवेत?

पुढची लहान चेनरिंग ३४ दातांची आणि मागचे मोठे चक्रही ३४ दातांचे असेल तर मिनिटाला ७० पेडल मारून वेग ताशी सुमारे ९ किलोमीटर राहतो. सहा टक्के चढावर त्यासाठी १३५ वॅटच्या आसपास ताकद लागते. पुढे ३९ आणि मागे २५ दात असतील तर तेवढ्याच पेडलिंगला दोनशेहून जास्त वॅट लागतात. मग गुडघे बोलू लागतात. टायर २८ मिमी किंवा रुंद घ्या.

उतारात धोका काय?

पाचगणीहून वाईपर्यंत साधारण ५७० मीटर उतार आहे. दीड लिटर पाणी उकळायला पुरेल एवढी ऊर्जा इथे मोकळी होते. काही हवेत जाते, बाकीची ब्रेकमध्ये उष्णता होऊन साठते. ब्रेक सतत घासत ठेवू नका. वळणाआधी दोन्ही ब्रेक ठाम दाबा, मग सोडा. निघण्याआधी ब्रेक पॅड तपासाच.

वाटेत काय पाहाल?

भोरला संस्थानकालीन राजवाडा. महाडला चवदार तळे, जिथे २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाण्याच्या हक्काचा सत्याग्रह केला. आंबेनळीत वाडा-कुंभरोशीजवळ प्रतापगडाचा फाटा आहे. गडाचा चढ वेगळा, त्यासाठी वेळ राखून ठेवा. बाटल्याही इथेच भरा. वाईत ढोल्या गणपती आणि जवळच मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा.

कधी जावे, कधी टाळावे?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात नको. जुलै २०२१ मध्ये महाड पुरात बुडाले, तळियेत दरड कोसळून मोठी जीवितहानी झाली आणि आंबेनळीचा रस्ता ठिकठिकाणी खचला. वरंध घाट पावसाळ्यात अनेकदा बंद असतो, त्यामुळे निघण्याआधी चौकशी करा. बंद असल्यास ताम्हिणी-माणगावमार्गे महाड गाठता येते.

महाड-पोलादपूर हा मुंबई-गोवा महामार्ग आहे. पहाटे मागचा लाल दिवा आणि चमकणारे जॅकेट हवेच. वाईहून परतताना महामार्गावरचा खंबाटकी बोगदा नको असेल तर मांढरदेवी घाटाने भोरला उतरता येते, पण चढ वाढतो.

परत फिरायचे कधी?

हे घरीच ठरवा. आमचा नियम आता असा आहे : सकाळी दहापर्यंत वाडा-कुंभरोशी आले नाही, तर तिथेच थांबायचे आणि गाडी शोधायची. दुसऱ्या प्रयत्नात आम्ही तिथे सव्वानऊला पोहोचलो. दोघांच्याही बाटल्यांत पाणी शिल्लक होते.