हेडलाइटची काच, जी काच नाही

गेल्या नोव्हेंबरात आम्ही पहाटे अडीच वाजता बेळगावहून जुन्या गोव्याला निघालो. ३ डिसेंबरला सायबाचं फेस्त असतं आणि त्याआधी नऊ दिवस नोव्हेना चालतात. सकाळच्या पहिल्या प्रार्थनेला पोचायचंच, असं मम्मीने ठरवलं होतं. जांबोटी मागे पडली, कणकुंबी जवळ आली. पप्पा चालवत होते, मी शेजारी बसले होते. एका वळणावर पप्पांनी इतका जोरात ब्रेक मारला की मम्मीच्या मांडीवरचा डबा खाली गेला. रस्त्याच्या कडेने सात-आठ माणसं चालत होती. पायी नोव्हेनाला निघालेली. अंगावर चादरी, एकाच्या हातात मोबाइलची बॅटरी. मला आधी ती बॅटरी दिसली, माणसं नंतर. आमच्या दिव्यांनी त्यांच्यातलं कुणीच दाखवलं नव्हतं.

कुणाला काही झालं नाही. त्यांच्यातल्या एका आज्जींनी हात वर करून "सावकाश जावा" एवढंच सांगितलं. चोर्ला उतरेपर्यंत पप्पा गप्प होते. केरीला चहासाठी थांबलो तेव्हा ते गाडीपुढे उकिडवे बसले आणि म्हणाले, "दिवे चालूच हायत की गं. मग उजेड कुठं जायलाय?"

उजेड आतच अडकत होता. आमची गाडी २०१२ सालची. दोन्ही हेडलाइट पिवळट, दुधाळ झाले होते. उजवा जास्त, कारण घरासमोर गाडी उभी असते तेव्हा दुपारचं ऊन त्याच बाजूला येतं. रोज बघून आम्हाला त्याची सवय झाली होती. अमेरिकेतल्या एएए या वाहनचालकांच्या संघटनेने २०१८ साली अशा जुन्या, धुरकट दिव्यांची मोजणी केली, तेव्हा लो बीमवर त्यांतून नव्या दिव्याच्या जेमतेम एक-पंचमांश उजेड बाहेर येतो असं आढळलं. बल्ब नवा असला तरी.

आता शब्दाची गंमत बघा. आपण सगळे 'हेडलाइटची काच' म्हणतो. अँबेसडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या काळात ती खरोखर काच होती. त्या गाड्या भंगारात गेल्या तरी त्यांच्या दिव्यांच्या काचा स्वच्छ सापडतात. आजच्या गाडीवर असतं ते पॉलिकार्बोनेट, म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिक. १९५३ साली जर्मनीत बायर कंपनीतल्या हर्मान श्नेल यांनी आणि जवळपास त्याच सुमारास अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या डॅनियल फॉक्स यांनी ते स्वतंत्रपणे तयार केलं. सीडी त्याच्याच, चष्म्याची न फुटणारी भिंगंही त्याचीच. वजनाला हलकं, हव्या त्या आकारात ओतता येतं, दगड लागला तरी तडकत नाही. वस्तू बदलली, शब्द तोच राहिला. आणि शब्द तोच राहिल्यामुळे आपण दिव्याला काचेसारखंच वागवतो, म्हणजे कोरड्या फडक्याने खसाखसा पुसतो.

पॉलिकार्बोनेटच्या दोन खोडी आहेत. एक, ते मऊ असतं, साध्या धुळीनेही त्यावर ओरखडे येतात. दुसरी, उन्हातल्या अतिनील किरणांनी त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात आणि पिवळी पडणारी संयुगं तयार होतात. हे कारखान्याला माहीत असतं, म्हणून प्रत्येक दिव्यावर बाहेरून एक पातळ, कडक, पारदर्शक थर दिलेला असतो. आपण नवा दिवा म्हणून जो बघतो तो म्हणजे हा थर. ऊन, रस्त्यावरचे बारीक खडे आणि आपली फडकी यांनी तो काही वर्षांत भेगाळतो, पापुद्र्यासारखा सुटतो, आणि मग उघड्या पडलेल्या प्लास्टिकवर ऊन थेट काम करू लागतं. आमच्या गल्लीतला मेकॅनिक म्हणाला, "गाडीला मोतीबिंदू झालाय." उपमा छान आहे, पण मोतीबिंदू डोळ्याच्या आत असतो आणि हा बाहेर. म्हणून तर घरी बसून काढता येतो.

मात्र खराबी खरंच बाहेर आहे ना, हे आधी तपासून घ्या. दिव्यावर पाणी ओता. ओला असेपर्यंत तो बराच स्वच्छ दिसला, तर दोष बाहेरच्या पृष्ठभागाचा. पाणी त्या बारीक खडबडीत जागा भरून काढतं, म्हणून उजेड सरळ जातो. ओला करूनही आत धुकं किंवा थेंब दिसत असतील, तर दिव्यात ओल शिरली आहे आणि बाहेरून कितीही घासलं तरी ती जाणार नाही. आतला चांदीसारखा परावर्तक काळवंडला असेल तर दिवाच बदलावा लागतो.

आता घरगुती उपायांबद्दल, कारण मी कामाला लागले तेव्हा नात्यातला प्रत्येक माणूस तज्ज्ञ निघाला. टूथपेस्ट. टूथपेस्टमध्ये बारीक घासणारी पूड असते, त्यामुळे थोडा फरक पडतो हे खरं. पण तो वरवरचा असतो आणि पुढच्या उन्हापासून काहीच संरक्षण मिळत नाही. डास पळवायचा स्प्रे. हा उपाय दिसायला जादूचा आहे, एका मिनिटात दिवा चमकतो. डीईईटी हे रसायन असलेला स्प्रे प्लास्टिकचा वरचा भाग चक्क विरघळवतो, म्हणून तो गुळगुळीत दिसतो. थोड्या दिवसांनी आधीपेक्षा वाईट अवस्था होते. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन यांच्या जवळही जाऊ नका, पॉलिकार्बोनेटला त्यांनी आतून बारीक तडे जातात. आणि एका ॲक्सेसरीच्या दुकानात पप्पांना सल्ला मिळाला की जास्त पॉवरचा एलईडी टाका, काम संपलं. हा सगळ्यात घातक. धुरकट दिव्यात उजेड सगळीकडे विखुरतो. बल्ब जितका तेज, तितका समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जास्त उजेड जाणार, आणि घाटातल्या धुक्यात तो आपल्याच डोळ्यांवर परत येणार. रस्ता मात्र तेवढाच काळोखा.

काम करायला कोरडा, बिनपावसाचा दिवस आणि सावली हवी. आम्ही डिसेंबरातला एक रविवार धरला. दिवा शॅम्पूच्या पाण्याने धुतला. मग त्याच्या चारी बाजूंना, बॉनेटच्या आणि बंपरच्या रंगावर, कागदी चिकटपट्टी दोन-तीन पदर लावली. हे करताना पप्पा म्हणाले, "एवढं कशाला, मी जपून घासतो की." जपून घासणाऱ्याचा हातही घसरतो. पट्टी लावाच.

त्यानंतर वॉटर पेपर. रंगाच्या दुकानात मिळतो. आकडा जितका मोठा तितका कागद बारीक. थर पापुद्र्यासारखा सुटत असेल तर ८०० पासून सुरुवात करायची, नुसता पिवळा असेल तर १००० चालतो. मग १५००, २००० आणि मिळाला तर ३०००. कागद आधी दहा मिनिटं पाण्यात भिजवून ठेवा, आणि घासताना दिव्यावर सतत पाणी मारत राहा. कोरडं घासलंत की खोल ओरखडे पडलेच. पहिला कागद आडवा फिरवायचा, दुसरा उभा, तिसरा पुन्हा आडवा. म्हणजे आधीच्या कागदाच्या रेषा पूर्ण गेल्या की नाही ते कळतं. त्या जाईपर्यंत पुढच्या आकड्याकडे वळायचं नाही. मी कंटाळून १५०० वरून लवकर पुढे गेले, आणि शेवटी उन्हात बघितलं तर आडव्या रेषा तशाच. पुन्हा मागे जावं लागलं.

सुरुवातीला खाली ओघळणारं पाणी पिवळट दुधासारखं असतं. तो जुना, कुजलेला थर. ते पांढरं येऊ लागलं की थर निघाला समजा. कोपऱ्यांत, कडांना तो राहून जातो, तिथे बोटाने दाबून घासा. अर्धवट राहिलेल्या थराची कड नंतर नकाशातल्या किनाऱ्यासारखी दिसत राहते.

इथे घाबरायला होतं हे आधीच सांगते. घासून वाळलेला दिवा पहिल्यापेक्षा भयानक दिसतो, बाथरूमच्या खिडकीच्या काचेसारखा पांढरा. मम्मी बाहेर येऊन म्हणाली, "गेला दिवा." गेलेला नसतो. आता रबिंग कंपाउंड मऊ कापडावर घेऊन गोल गोल घासायचं. हाताने एका दिव्याला वीसेक मिनिटं लागतात आणि खांदा भरून येतो. पण त्या पांढऱ्यातून आतला बल्ब हळूहळू दिसायला लागतो तेव्हा बरं वाटतं.

बहुतेक लोक इथे थांबतात. फोटो काढतात, स्टेटसला टाकतात. आणि काही महिन्यांत दिवा पुन्हा पिवळा. मग 'हे घरचे उपाय टिकत नाहीत' असं म्हणतात. टिकेल कसं? आपण जुना संरक्षक थर काढून टाकला आणि प्लास्टिक उघडं ठेवलं. घासणं ही फक्त तयारी आहे, खरं काम म्हणजे नवा थर देणं. गाडीचं साधं वॅक्स काही आठवडेच टिकतं. अतिनील किरण अडवणारं, हेडलाइटसाठीच बनवलेलं कोटिंग घ्यावं. दोन घटक मिसळून फवारायचा क्लिअर कोट सगळ्यात जास्त टिकतो, पण त्यात आयसोसायनेट असतात. ते फुप्फुसांना बाधतात, साधा कापडी मास्क त्यांना पुरत नाही. तो प्रकार रंगाऱ्याकडेच करून घ्यावा. आम्ही कापडाने पुसून लावायचं कोटिंग आणलं.

लावण्याआधी दिवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यायचा, कारण कंपाउंडचा तेलकटपणा राहिला तर थर धरत नाही. मग हाताला शक्यतो हातमोजे घालून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एकाच दिशेने पट्टे ओढायचे. जिथून हात गेला तिथे परत फिरवायचा नाही, हे फार जड जातं. मी एका जागी परत हात फिरवला, तिथे रेघ आहे आणि ती राहणार. नंतर बाटलीवर लिहिलेल्या वेळेपर्यंत पाणी, धूळ, बोट काही लागू द्यायचं नाही.

तपासणी भिंतीवर केली. काम सुरू करायच्या आदल्या रात्री कंपाउंडच्या भिंतीपासून सहा पावलांवर गाडी उभी करून लो बीमचा फोटो काढून ठेवला होता. त्यात भिंतीवर नुसता पिवळा डाग होता, कडा नसलेला. कोटिंग वाळल्यावर त्याच जागी, त्याच अंतरावर पुन्हा फोटो काढला. आता वर काळोख, खाली उजेड आणि मधे स्पष्ट रेष. समोरच्याच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून दिव्याने उजेड जिथे कापायचा असतो, ती ही रेष. पप्पा भिंतीकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "एवढी वर्षं मी असाच चालवायलोतो की."

सगळा खर्च कोटिंग धरून हजाराच्या आत बसला, वेळ मात्र सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत गेला. नवे दिवे यापेक्षा कितीतरी महाग पडले असते. आता गाडी उभी करताना पप्पा तिचं तोंड भिंतीकडे, सावलीत करतात, आणि दिवे ओल्या फडक्यानेच पुसतात. डाव्या दिव्यात मात्र जोराच्या पावसानंतर अजून आतून दव धरतं. त्याचं रबरी सील बघायचं आहे, पावसाळ्याआधी.