स्पीकिंग क्लब वाढवायचाय? आधी पाहुणा परत येतो का ते बघा

धंदा करायचा तर बोलता आलं पाहिजे. ग्राहकासमोर, बँकेच्या मॅनेजरसमोर, सप्लायरसमोर. त्याची प्रॅक्टिस करायला टोस्टमास्टर्ससारखा क्लब ही मस्त जागा. राल्फ स्मेडली यांनी 1924 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता आना गावात वायएमसीएमध्ये ही सुरुवात केली. आज पुण्या-मुंबईतही असे क्लब आहेत.

आता तुम्ही क्लब कमिटीत आहात असं समजा. नवा क्लब रजिस्टर करायला 20 मेंबर लागतात. ते जमतातही. खरी परीक्षा पुढे. मेंबरशिप वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबरला रिन्यू होते. फी भरलेले मेंबर आठाच्या खाली गेले की क्लबचं स्टेटस धोक्यात. मग लोक पोस्टर छापायला धावतात. अहो, बोर्ड बघून गिऱ्हाईक एकदा येतं, दुकान मात्र नेहमीच्या गिऱ्हाईकावर चालतं!

पाहुणा आला की एका माणसाने त्याच्या शेजारीच बसायचं. हिरवं, पिवळं, लाल कार्ड कशाला दाखवतात, एक जण "अं... अं..." का मोजतोय, हे हळूच सांगायचं. नाहीतर त्याला वाटतं, आपण कुठे येऊन पडलो! टेबल टॉपिक्समध्ये एक-दोन मिनिटं आयत्या वेळी बोलायचं असतं. तिथे पाहुण्याला न विचारता उभं करू नका. पहिल्याच दिवशी घाम फुटलेला माणूस सहसा परत येत नाही. जाताना "कसं वाटलं?" विचारा, आणि तो जे बोलला त्यावरच दुसऱ्या दिवशी दोन ओळींचा मेसेज टाका. सगळ्यांना फॉरवर्ड होणारं रंगीत आमंत्रण नको.

तो मेंबर झाला की पहिलं भाषण लवकर लावा. आइस ब्रेकर म्हणतात त्याला, चार ते सहा मिनिटं, विषय स्वतःच. इथे बरेच क्लब घसरतात. जुने, छान बोलणारे मेंबर सगळे स्लॉट घेतात आणि नवा माणूस महिनोन्‌महिने टाळ्याच वाजवतो. तो फी पुन्हा कशाला भरेल?

त्याला मेंटॉर द्या, पण मेंटॉरने भाषण लिहून द्यायचं नाही. तीन मुद्दे काढायला लावायचे, पहिलं आणि शेवटचं वाक्य पाठ करून घ्यायचं, मोबाईलवर टायमर लावून दोनदा म्हणून घ्यायचं. एवढं पुरे.

मग इव्हॅल्युएशन, दोन-तीन मिनिटांचं. "छान बोललात, आत्मविश्वास वाढवा" याने काय होणार? त्यापेक्षा असं सांगा, "आईच्या शिलाई मशीनची गोष्ट सांगताना तुम्ही थांबलात, तेव्हा सगळे कान देऊन ऐकत होते. पुढचं भाषण अशाच गोष्टीने सुरू करा." सुधारणा एकच सांगा, पण पुढच्या वेळी करता येईल अशी. आणि दुसऱ्या भाषणाची तारीख त्याच दिवशी, चहा पितानाच ठरवून टाका.

उधारीची वही ठेवता तशी एक वही ठेवा. पाहुण्याचं नाव, पहिली भेट, दुसरी भेट, पहिलं भाषण, दुसरं भाषण. मार्च आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला ती उघडा. ज्याच्या नावापुढे भाषणाचा रकाना कोरा आहे, त्याला फीची आठवण करून देण्याआधी फोन करून विचारा, "पुढच्या मीटिंगला तुमचं भाषण ठेवू का?"