शुगर-बीपीच्या गोळ्या चालू असताना कोकणात सायकलवर जायचंय?

दिवाळी संपली की दवाखान्यात एका विशिष्ट प्रकारचे पेशंट येऊ लागतात. वय पन्नास ते पासष्ट. दोन-तीन वर्षांपूर्वी सायकल घेतलेली, सकाळी ग्रुपबरोबर वीस-पंचवीस किलोमीटर होतात, आणि आता चार मित्रांनी मिळून कोकणच्या किनाऱ्याने पाच दिवस जायचं ठरवलेलं. शुगरची किंवा बीपीची गोळी चालू असते, कधी दोन्ही. बरोबर बायको किंवा मुलगी आलेली असते आणि तिचा एकच आग्रह असतो, "डॉक्टर, तुम्हीच सांगा यांना."

बहुतेकांना मी जा म्हणूनच सांगतो. पण जाण्याआधी काही गोष्टी ठरवून घ्याव्या लागतात. त्या शहरातल्या सकाळच्या फेरीसारख्या नसतात, म्हणून हा लेख.

आधी रस्ता समजून घ्या. अवजड वाहतूक मुंबई-गोवा महामार्गावर असते, त्यामुळे किनाऱ्यालगतचा सागरी रस्ता बराच शांत असतो. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड असे खाडीचे टप्पे सायकलसकट फेरीबोटीने ओलांडता येतात. शांत रस्त्याचा फायदा फक्त मनाला होतो असं नाही. पेडल मारताना आपण बसलेल्या माणसाच्या कित्येक पट हवा आत घेतो. ती ट्रकच्या धुराची नसेल, तर दमा आणि हृदयविकार असणाऱ्यांना फरक पडतोच.

पण हा रस्ता सपाट नाही. खाडीच्या पातळीवरून जांभ्याच्या सड्यावर चढायचं, थोडं सपाट, मग पुन्हा खाली दुसऱ्या खाडीपर्यंत. दिवसातून असं चार-पाच वेळा. तेव्हा "रोज पन्नास किलोमीटर जमतात" हा हिशेब इथे लागू होत नाही. सपाट रस्त्यावर हृदयाला एकसारखं काम असतं; इथे दहा-पंधरा मिनिटं जोराचं काम, मग एकदम विश्रांती, मग पुन्हा जोर. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी दिवसाला तीस-चाळीस किलोमीटरच्या वर बेत करू नये असं माझं मत आहे. ग्रुपमधले तरुण हसले तर हसू द्या.

शुगर: गोळी कोणती, यावर सगळं अवलंबून

व्यायामात शुगर उतरते हे सगळ्यांना माहीत असतं. धोका किती, हे मात्र औषधावर ठरतं. घरी गोळ्यांची पाकिटं बाहेर काढा आणि नावं वाचा.

फक्त मेटफॉर्मिन किंवा सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन यांपैकी काही चालू असेल, तर शुगर धोक्याच्या खाली जाण्याची शक्यता कमी असते. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन चालू असेल, तर गोष्ट वेगळी. ही औषधं तुम्ही काही खाल्लंय की नाही, चढ चढताय की सोफ्यावर बसलाय, हे पाहत नाहीत. शुगर उतरवत राहतात. आपल्याकडे ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकाच गोळीत असणं फार सामान्य आहे. त्यामुळे "मी फक्त एकच गोळी घेतो" असं म्हणणाऱ्यानेही त्या गोळीत काय काय आहे ते वाचावं. सहलीच्या दिवसांत या औषधांचा डोस बऱ्याचदा कमी करावा लागतो. किती कमी करायचा, हे तुमच्या डॉक्टरांकडून निघण्याआधी लिहून घ्या. स्वतःच्या मनाने करू नका.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात आणि तिच्याबरोबर पाणीही. घामाने अंग निथळत असताना त्यात ही भर. शिवाय खाणं फार कमी आणि मेहनत फार जास्त झाली, तर या गोळ्यांवर क्वचित कीटोन वाढून माणूस गंभीर आजारी पडू शकतो, तेही शुगर फारशी वाढलेली नसताना. मळमळ, उलटी, पोटदुखी, धाप लागली तर शुगर बरी दिसते म्हणून स्वस्थ बसू नका. ही गोळी त्या दिवसांत चालू ठेवायची की थांबवायची, हेही आधीच विचारा.

आता रोजचं वेळापत्रक. इन्सुलिनवर किंवा वरच्या दोन गोळ्यांवर असणाऱ्यांनी निघण्यापूर्वी ग्लुकोमीटरवर शुगर पाहावी. ९०च्या खाली असेल तर आधी काहीतरी खा, मग निघा. २५०च्या वर असेल आणि इन्सुलिन चालू असेल, तर लघवीतले कीटोन तपासल्याशिवाय निघू नका. त्याच्या पट्ट्या औषधाच्या दुकानात मिळतात. सायकल चालवायच्या आधी इन्सुलिन मांडीत टोचू नका. चालत्या स्नायूतून ते लवकर शोषलं जातं, पोटावर घ्या.

खाण्याबाबत कोकणातली अडचण सांगतो. तुम्ही सहाला निघणार आणि वाटेतली पहिली पोह्यांची टपरी नऊशिवाय उघडत नाही. दोन गावांच्या मध्ये सड्यावर काहीच नसतं. खाणं जवळच हवं: खजूर, केळी, राजगिऱ्याचे लाडू. पण हे नेहमीच्या भुकेसाठी. शुगर उतरल्यावर चिक्की किंवा शेंगदाण्याचा लाडू कामाचा नाही, कारण त्यातला स्निग्धांश साखर शोषायला उशीर लावतो. त्या वेळी ग्लुकोज पावडर किंवा साधी साखर, चहाचे तीन चमचे, पाण्यात घालून. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. ७०च्या खालीच असेल तर तेवढीच पुन्हा घ्या. सावरल्यावर पोटभर खा आणि लगेच सायकलवर बसू नका.

थरथर, घाम, भूक, चिडचिड, गोंधळ ही लक्षणं चढावर ओळखता येत नाहीत, कारण चढावर घाम आणि थरथर सगळ्यांनाच असते. म्हणून ही गोष्ट मित्रांना सांगून ठेवा. माणूस अचानक गप्प झाला, विचारलेल्याचं भलतंच उत्तर देऊ लागला किंवा उगाच भांडू लागला, तर आधी थांबवून साखर द्यायची. खरा अपघात उतारावर होतो: डोकं हलकं झालेलं, वेग चाळीसचा आणि वळणावर जांभ्याची बारीक खडी. प्रत्येक मोठ्या उताराआधी दोन मिनिटं थांबायची सवय लावा. माणूस बेशुद्ध असेल, तर तोंडात पाणी किंवा साखर कोंबू नका. कुशीवर वळवा आणि १०८ला फोन लावा.

दिवसभराच्या मेहनतीचा परिणाम रात्रीही चालू असतो, अगदी दुसऱ्या दिवसापर्यंत. झोपताना शुगर पाहा. मुक्कामाच्या ठिकाणी माशांच्या ताटाबरोबर "थोडी" होतेच, हे मला सांगायला नको. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिनवर असाल तर त्या रात्री दारू नको. शुगर कमी होत असताना यकृत साखर सोडून आपल्याला वाचवतं, आणि दारू नेमकं तेच काम अडवते. बाजूला झोपलेल्या मित्राला वाटतं, चढली असेल.

बीपी आणि हृदय

मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, अॅटेनोलॉल यांपैकी गोळी चालू असेल, तर नाडीचे ठोके फारसे वाढत नाहीत. मनगटावरच्या घड्याळातला आकडा पाहून "अजून जोर लावायला हरकत नाही" असं ठरवू नका. त्याऐवजी बोलून पाहा. चढावर एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता आलं पाहिजे. येत नसेल तर गिअर खाली घ्या, तरी जमत नसेल तर उतरून सायकल ढकला. या गोळ्यांमुळे शुगर उतरल्याची धडधडही दबते. घाम मात्र येतो.

चढ संपल्यावर एकदम थांबून उभे राहू नका. पायातल्या रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात, त्यात बीपीची किंवा प्रोस्टेटची गोळी. रक्त खाली उतरतं आणि चक्कर येते. माथ्यावर दोन-तीन मिनिटं हलकं पेडल मारत राहा.

सकाळी बीपी १८० / ११० किंवा त्याहून जास्त असेल, तर तो दिवस विश्रांतीचा. स्टेंट बसवलेल्यांनी, आधी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी हृदयरोगतज्ज्ञांची परवानगी घेऊनच बेत करावा. आणि छातीत दाब, जबड्यात किंवा हातात दुखणं, नेहमीच्या चढावर न लागणारी धाप, गार घाम, यातलं काहीही झालं तर "गॅस झाला असेल" म्हणून पुढच्या गावापर्यंत सायकल चालवत जाऊ नका. तिथेच बसा.

पाणी, ऊन, दुखण्याची गोळी

कोकणात हवा दमट असते, घाम येतो पण वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही. सहाला निघून अकरापर्यंत मुक्कामी किंवा सावलीत पोहोचायचं ठरवा. तहानेप्रमाणे पाणी प्या. लांबच्या दिवशी ओआरएस घ्या, एक लिटरचं पाकीट पूर्ण एका लिटरमध्येच. नुसतं पाणी लिटरच्या लिटर पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरू शकतं, विशेषतः पाण्याची गोळी चालू असेल तर. ओआरएसमध्ये साखर आणि मीठ असतं, त्यामुळे घाम गाळल्याशिवाय चैन म्हणून पिऊ नका. शहाळी चांगली, पण किडनीचा त्रास असेल किंवा टेल्मिसार्टन, स्पिरोनोलॅक्टोन अशा गोळ्यांवर पोटॅशियम वाढलेलं असेल, तर विचारून.

संध्याकाळी गुडघे दुखले की कोणीतरी बॅगेतून डायक्लोफिनॅक काढून देतो. बीपीच्या काही गोळ्या, पाण्याची गोळी, कमी झालेलं पाणी आणि वर ही गोळी, या सगळ्यांनी मिळून किडनीवर एकाच दिवसात ताण येऊ शकतो. पॅरासिटामॉल घ्या. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर बहुधा सीट खाली आहे. पेडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हायला हवा. मग चवड्याने पेडल मारताना गुडघा थोडा वाकलेला राहतो. करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होत असेल तर हँडलवर हात बदलत राहा. सीटखालचा भाग बधिर होत असेल तर दर दहा-पंधरा मिनिटांनी पेडलवर उभे राहा, आणि थांबल्यावरही बधिरपणा जात नसेल तर दाखवा. मधुमेहात पायांची जाणीव कमी झालेली असेल, तर रोज रात्री तळवे कोणाकडून तरी पाहून घ्या.

घरच्यांसाठी

एका कागदावर त्यांची औषधं, डोस, आजार, रक्तगट आणि तुमचा नंबर लिहून खिशात द्या. फोन लॉक असतो. मुक्कामाच्या मार्गावर ग्रामीण रुग्णालय आणि प्राथमिक आरोग्य केंद्र कुठे कुठे आहे, ते आधीच शोधून त्याच कागदावर लिहा, कारण सड्यांवर आणि खाडीच्या कडेला नेटवर्क जातं. इन्सुलिन पेन सायकलच्या बॅगेत उन्हात तापू देऊ नका. ओल्या कापडात गुंडाळलेल्या डबीत ठेवा. हेल्मेट सगळ्यांनाच, आणि रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्याला तर डोक्याला मार लागल्यावर बरं वाटत असलं तरी रुग्णालयात दाखवायचंच.

कुत्रा चावला किंवा नखाने ओरखडा आला, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन रेबीजची लस घ्या. सहल संपल्यावर बघू असं नाही. पुढचे डोस आपल्या गावी घेता येतात.

परत आल्यावर एक गोष्ट राहून जाते. सहलीसाठी कमी केलेला डोस तसाच चालू राहतो आणि तीन महिन्यांनी शुगर वाढलेली दिसते. तेव्हा डोस पुन्हा कधी वाढवायचा, तेही निघण्याआधीच त्याच कागदावर लिहून घ्या.