नास्तिक जेव्हा श्रद्धेच्या दारी येतो



देव आहे असे मला वाटत नाही, परंतु तुम्ही ख्रिस्ती लोक नेमके कशावर विश्वास ठेवता हे एकदा समजून घ्यावयाचे आहे, असे म्हणत एखादा सुशिक्षित तरुण आपल्या धर्मग्रामात आला, तर आपण त्याला कोठे पाठविणार? मिस्साविधी त्याला परका वाटेल. धर्मशिक्षणाचे वर्ग मुलांसाठी असतात. प्रार्थनासभेत तो अवघडून बसेल. धर्मगुरूंशी अर्धा तास बोलून त्याचे समाधान होईलच असे नाही. ज्या महाराष्ट्रात आगरकरांपासून डॉ. नरेंद्र दाभोलकरांपर्यंत विवेकवादी विचारांची मोठी परंपरा आहे, तेथे हा प्रश्न निव्वळ काल्पनिक म्हणता येत नाही. अशा जिज्ञासूंसाठी जगभर जे परिचयवर्ग चालतात, त्यांतील सर्वांत प्रसिद्ध अशा 'अल्फा' अभ्यासक्रमाची ओळख आम्ही या लेखात करून देत आहोत. त्याच्या गुणांबरोबर त्याच्या मर्यादांचाही विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

अल्फाचा उगम

१९७७ साली लंडनमधील होली ट्रिनिटी ब्रॉम्प्टन या अँग्लिकन चर्चमध्ये चार्ल्स मार्नहॅम या धर्मगुरूंनी नवख्या ख्रिस्ती लोकांसाठी एक छोटासा वर्ग सुरू केला. १९९० साली त्याची सूत्रे निकी गंबेल यांच्याकडे आली. वर्गाला येणाऱ्यांत श्रद्धा नसलेले लोकही बरेच आहेत, हे त्यांच्या लक्षात आले आणि त्यांनी संपूर्ण अभ्यासक्रमच अशा बाहेरच्या माणसाला समोर ठेवून नव्याने बेतला. त्यानंतर अल्फा शंभराहून अधिक देशांत पोहोचला. अनेक देशांतील कॅथलिक धर्मग्रामांनीही तो स्वीकारला. पोपमहोदयांच्या निवासातील प्रवचनकार म्हणून दीर्घकाळ सेवा केलेले फादर, आता कार्डिनल, रानिएरो कांतालामेस्सा यांनी त्याचे जाहीर समर्थन केले आहे.

गंबेल यांची स्वतःची कहाणी येथे उद्बोधक आहे. ते पेशाने वकील होते. केंब्रिज येथे शिकत असताना ते नास्तिक होते. १९७४ साली त्यांचे जवळचे मित्र ख्रिस्ती श्रद्धेकडे वळले तेव्हा ते अस्वस्थ झाले. या प्रकाराचा छडा लावावा म्हणून त्यांनी नवा करार वाचावयास घेतला आणि वाचता वाचता ते स्वतःच श्रद्धावंत झाले. नास्तिकाच्या शंका ऐकून घेतल्या पाहिजेत हा अल्फाचा आग्रह अशा अनुभवातून आलेला आहे.

वर्ग कसा चालतो?

सुमारे दहा आठवडे, आठवड्यातून एक संध्याकाळ, असा हा क्रम असतो. प्रत्येक संध्याकाळचे तीन भाग पडतात. प्रथम सर्वजण एकत्र जेवतात. नंतर एका विषयावर व्याख्यान होते: येशू कोण होता, तो का मरण पावला, प्रार्थना का व कशी करावी, बायबल कसे वाचावे, इत्यादी. अखेरीस लहान गटांत चर्चा होते. अभ्यासक्रमाच्या मध्यावर, पवित्र आत्म्याच्या विषयासाठी, एक संपूर्ण दिवस किंवा शनिवार-रविवार राखून ठेवलेला असतो. वर्गासाठी शुल्क आकारले जात नाही.

या तीन भागांत चर्चेचा भाग सर्वांत महत्त्वाचा. गटप्रमुखाने उत्तरे देण्याची घाई करावयाची नाही, असा तेथील दंडक आहे. एखाद्याने पुनरुत्थान ही भाकडकथा आहे असे म्हटले, तर गटप्रमुख त्याला खोडून काढत नाही. इतरांना काय वाटते, एवढेच तो विचारतो. आपल्याकडील धर्मशिक्षणात प्रश्न आणि उत्तर दोन्ही शिक्षकच देतो. त्यामुळे ही पद्धत आपल्याला प्रथम विचित्र वाटेल. परंतु ज्याचे म्हणणे कोणी कधी ऐकून घेतलेले नाही, त्याला आपले म्हणणे ऐकविता येत नाही, हे तिच्यामागील साधे सत्य आहे.

नास्तिकाची खरी अडचण

२००९ साली ब्रिटिश विज्ञानलेखक ॲडम रदरफर्ड यांनी नास्तिक म्हणूनच अल्फाला हजेरी लावली आणि 'द गार्डियन' या वृत्तपत्रासाठी त्याविषयी लिहिले. ते शिक्षणाने आनुवंशशास्त्रज्ञ आहेत. अभ्यासक्रमानंतरही ते नास्तिकच राहिले आणि २०२२ साली ब्रिटनमधील मानवतावाद्यांच्या 'ह्युमनिस्ट्स यूके' या संघटनेचे अध्यक्ष झाले. एकाच परिचयवर्गाच्या इतिहासात गंबेल आणि रदरफर्ड ही दोन्ही नावे आहेत, हे आपण विसरू नये.

विज्ञाननिष्ठ नास्तिकाची अडचण कोठे असते? अल्फाचा आरंभ येशूच्या व्यक्तित्वापासून होतो. परंतु देव मुळात आहे काय, हा ज्याचा प्रश्न आहे, त्याला येशू देवाचा पुत्र आहे किंवा नाही ही चर्चा पुढच्या पायरीची वाटते. मधली पायरी गाळली गेली, अशी त्याची तक्रार असते आणि ती रास्त आहे.

येथे आपली कॅथलिक परंपरा मोलाची भर घालू शकते. सृष्टीचा विचार करून मानवी बुद्धीला देवाच्या अस्तित्वाचे ज्ञान होऊ शकते, असे पहिल्या व्हॅटिकन परिषदेने १८७० साली प्रतिपादिले. त्यापूर्वी सहा शतके संत थॉमस अक्वायनस यांनी याच विषयाचा पाच मार्गांनी ऊहापोह केला होता. १९९८ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी श्रद्धा व बुद्धी यांच्या परस्परसंबंधांवर स्वतंत्र परिपत्रक लिहिले. आनुवंशशास्त्राचा पाया घालणारे ग्रेगोर मेंडेल हे ऑगस्टिनियन संघाचे संन्यासी होते आणि विश्वाच्या आरंभाचा आधुनिक सिद्धांत मांडणारे जॉर्ज लमेत्र हे कॅथलिक धर्मगुरू होते. यावरून देव सिद्ध होतो असे नव्हे. मात्र श्रद्धा बाळगण्यासाठी बुद्धी गहाण ठेवावी लागत नाही, एवढे यातून निश्चित दिसते.

जेवण हे आमिष आहे काय?

हा प्रश्न टाळून चालणार नाही. फुकट जेवण, आपुलकीचे वातावरण, मग भावना उचंबळून आणणारा शनिवार-रविवार: हे मन वळविण्याचे तंत्र नव्हे काय, असे टीकाकार विचारतात. आपल्या देशात, जेथे धर्मांतराविषयी संशयाचे वातावरण आहे आणि अनेक राज्यांत त्याविषयी कायदेही आहेत, तेथे या प्रश्नाला अधिकच धार येते.

ख्रिस्तसभेची भूमिका याबाबत निःसंदिग्ध आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या मिशनकार्यविषयक दस्तऐवजाने (१९६५) बळजबरीने किंवा अनुचित प्रलोभनांनी श्रद्धेकडे वळविण्यास सक्त मनाई केली आहे. त्याच वर्षीच्या धर्मस्वातंत्र्यविषयक जाहीरनाम्याने श्रद्धा ही स्वभावतःच मुक्त कृती असल्याचे सांगितले. ख्रिस्तसभेच्या कायद्यातील ७४८ वे कलमही सदसद्विवेकाविरुद्ध कोणावर श्रद्धा लादू नये असे बजावते.

आमच्या मते कसोटी सोपी आहे. दहा आठवड्यांनंतर जो नम्रपणे नकार देतो, त्याच्याशी आपली मैत्री टिकते काय? टिकत असेल तर ते जेवण म्हणजे आतिथ्य होते. टिकत नसेल तर त्याला आमिष म्हणणाऱ्यांचे तोंड आपण धरू शकत नाही. म्हणूनच वर्गाचा हेतू पहिल्याच दिवशी उघडपणे सांगावा, तीव्र भावनेच्या क्षणी कोणाकडून निर्णय मागू नये आणि सामूहिक प्रार्थनेत सहभागी न होण्याची मोकळीक प्रत्येकाला असावी.

परिचय म्हणजे पूर्ण दीक्षा नव्हे

अल्फा हा केवळ उंबरठा आहे. सर्व ख्रिस्ती पंथांना चालेल अशी त्याची मांडणी असल्याने ख्रिस्तशरीर संस्कार, पवित्र मरियामाता, पोपमहोदयांचे पद यांविषयीची कॅथलिक शिकवण त्यात येत नाही. ती नंतर स्वतंत्रपणे द्यावी लागते. त्यासाठी ख्रिस्तसभेजवळ १९७२ साली नव्याने सिद्ध केलेला प्रौढांचा दीक्षाविधी आहे. त्याच्या आरंभी चौकशीचा काळ असतो. त्यानंतर दीक्षार्थी म्हणून दीर्घ शिक्षण, मग अंतःकरणशुद्धीचा काळ व सामान्यतः पास्काच्या जागरणविधीत स्नानसंस्कार, आणि त्यानंतरही रहस्यांचे मनन, असा हा प्रवास आहे. ही वाट मुद्दामच लांब ठेवलेली आहे, कारण प्रौढ माणसाचा होकार विचारपूर्वक व स्वतंत्र असला पाहिजे.

श्रद्धा ही अखेर देवाची देणगी आहे. तत्त्वज्ञ एडिथ स्टाइन यांनी किशोरवयात प्रार्थना सोडून दिली होती. १९२१ साली अविलाच्या संत तेरेजा यांचे आत्मचरित्र त्यांच्या हाती पडले आणि १ जानेवारी १९२२ रोजी त्यांनी स्नानसंस्कार घेतला. देणगीची वेळ ठरविणारे आपण कोण? आपण फक्त दार उघडे ठेवू शकतो.

आपण काय करू शकतो?

पहिली गोष्ट म्हणजे आत्मपरीक्षण. नास्तिकतेच्या वाढीला श्रद्धावंतांचे सदोष आचरण व अपुरे धर्मशिक्षण यांचाही हातभार लागतो, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 'आधुनिक जगातील ख्रिस्तसभा' या दस्तऐवजात परखडपणे नमूद केले आहे. त्याच ठिकाणी नास्तिकांना खुल्या मनाने शुभवर्तमानाचा विचार करण्याचे सौजन्यपूर्ण आमंत्रणही आहे. दुसरी गोष्ट म्हणजे तयारी. प्रश्न ऐकून न चिडणारे व ठाऊक नाही ते ठाऊक नाही असे सांगणारे चार-पाच प्रापंचिक प्रत्येक धर्मग्रामात घडविता येतील. तिसरी गोष्ट आपल्या घरातली आहे. ज्यांची श्रद्धा डळमळली आहे अशी कॅथलिक मुले-मुली आपल्या कुटुंबांतच आहेत. शंका विचारली म्हणून त्यांना आपण ताटावर गप्प बसविले, तर परक्यासाठी मांडलेल्या पंगतीला काही अर्थ उरणार नाही.

येशूने रात्री येणाऱ्या निकदेमाला परत पाठविले नाही. शंका घेणाऱ्या थोमाला त्याने शिष्यांतून काढून टाकले नाही. तू कोठे राहतोस असे विचारणाऱ्या दोघांना त्याने व्याख्यान न देता आपल्याबरोबर येऊन पाहण्यास सांगितले. तेच आमंत्रण तितक्याच मोकळेपणाने देण्याची कृपा प्रभूने आपल्या धर्मग्रामांना द्यावी, हीच आमची प्रार्थना!