बोगद्यातला सबवे

पहाटे ४.३० नगरहून टेम्पो निघाला. एक कॅमेरा, बॅटरीवरचे दोन एलईडी, माझा बूम आणि अकरा गोधड्या. पटकथेत सीएसएमटीसमोरचा सबवे आहे. तिथलं शूटिंग आमच्या खिशाला झेपणारं नाही, म्हणून दौंड-मनमाड लोहमार्गाखालचा नगर तालुक्यातला एक बोगदा. सरपंचांना अर्ज दिलाय. रुळांकडे फिरकायचं नाही, हे आधीच ठरलेलं.

५.४५ भिंतीवर गेल्या निवडणुकीच्या घोषणा. त्यावर कागदी निळ्या फरश्या चिकटवल्या. दमट भिंतीवर सेलोटेप टिकेना. शेवटी कणकेची खळ केली, तिने धरलं. जमिनीवर चार बादल्या पाणी मारलं. ओल्या काँक्रीटवर दिवा लांबवर चमकतो, आखूड बोगदाही लांबलचक वाटतो.

७.३० आता माझी पाळी. समोरासमोरच्या दोन काँक्रीट भिंती म्हणजे साउंडवाल्याची शिक्षा. एक टाळी वाजवली तर चार ऐकू येतात. फ्रेमच्या बाहेर दोऱ्या बांधून गोधड्या टांगल्या. "अरे, सबवेत घुमणारच ना!" दिग्दर्शक म्हणाला. घुमू दे, पण घुमारा नंतर मिक्सिंगमध्ये घालता येतो. संवादात मिसळलेला बाहेर काढता येत नाही. गोधड्या राहिल्या.

८.१५ 'रोल साउंड' म्हटलं आणि वरून मालगाडी. सगळे मुकाट डबे मोजत उभे. गाडीचा आवाज मी वेगळा घेऊन ठेवला, पुढे उपयोगी पडेल.

१० मेंढरं. दोनेकशे असतील.

"पोरांनो, पिच्चर मागनं काढा. जित्राबं उन्हात उभी हायेत."

मेंढपाळ बाबांचं बरोबर होतं, रस्ता त्यांचाच. मेंढरं गेल्यावर लेंड्या झाडल्या, पाणी पुन्हा मारलं, आधीच्या शॉटशी जमिनीचा ओलावा जुळेपर्यंत अकरा वाजले.

१.३० लिंबाखाली पिठलं-भाकरी. नगरच्या पोरांचं शूटिंग म्हटल्यावर 'पिस्तुल्या'चा विषय निघतोच. नागराज मंजुळेंनी ही शॉर्टफिल्म नगरला शिकताना केली आणि तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मी मात्र १९७४च्या 'द टेकिंग ऑफ पेल्हम वन टू थ्री'चा किस्सा सांगितला. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतलं अपहरण, आणि बरंचसं चित्रण ब्रुकलिनमधल्या बंद पडलेल्या कोर्ट स्ट्रीट स्थानकात. रेल्वेवाल्यांची अट : डब्यांवर रंगवलेलं काहीही दिसता कामा नये. खरे डबे तेव्हा रंगांनी बरबटलेले, पडद्यावरचे मात्र चकाचक. "म्हणजे त्यांनीही भिंत झाकलीच की," आर्टवाली म्हणाली.

४.३० नायिकेचा शेवटचा संवाद. सहा टेक. दोन गाडीने खाल्ले, एक बुलेटने, एक माझ्याच हेडफोनच्या सैल पिनने.

६ सगळ्यांनी मिनिटभर पुतळ्यासारखं उभं राहायचं. रिकाम्या बोगद्याची शांतता रेकॉर्ड केली. एडिटिंगमध्ये दोन संवादांमधल्या फटी तिनेच बुजतात. चाळिसाव्या सेकंदाला कुणाच्या तरी पोटात गुरगुरलं. पुन्हा घेतलं.

७ फरश्या खरवडल्या, भिंत धुतली, उमेदवार पुन्हा दिसायला लागले. चौदा तासांत हाती लागलं दोन मिनिटं चाळीस सेकंद. अंधारात एखादी निळी फरशी राहून गेली असेल. त्या वाटेने गेलात आणि दिसली, तर तेवढी काढून टाका.